कासवाच्या पिल्लासाठी घरातली पेटी : जमिनीपासून दोन इंचांवरची हवा

नमस्कार. इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्या काकांनी दिवाळीत कासवाचे पिल्लू आणून दिले. ते साधारण सहा सेंटिमीटर लांबीचे आहे. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते माशांच्या काचेच्या टाकीत ठेवलेले आहे, तळाशी रंगीत खडे आहेत आणि वर टेबल लॅम्पचा पिवळा दिवा लावलेला आहे. गेले दहा-बारा दिवस ते कोपऱ्यात डोळे मिटून बसते आणि फारसे खात नाही. ही टाकी लहान पडते आहे का, आणि कोणती मोठी टाकी घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी सतरा वर्षे पशुवैद्य म्हणून काम करतो आणि त्यातली बरीच वर्षे माझ्याकडे कासवे तपासणीला येत आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की टाकीचा आकार हा तुमच्या अडचणीचा लहानसा भाग आहे. पिल्लाचे नाक जमिनीपासून दोन इंचांच्या आत असते. त्या उंचीवरची हवा किती उबदार आहे आणि किती दमट आहे, यावर त्याचे खाणे, श्वास आणि कवचाची वाढ अवलंबून असते. खोलीत आपल्याला बरे वाटते म्हणून तिथे खाली पिल्लालाही बरे वाटत असेल, असे धरून चालता येत नाही. म्हणून पेटी कोणतीही घेतलीत तरी ती दोन इंचांवरची हवा नीट करणे हे खरे काम आहे, आणि पुढचे सगळे त्याच अंगाने लिहिले आहे.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो आणि त्याचे मूळ भाषेत आहे. नदीत, तळ्यात राहणारे आणि जमिनीवर चालणारे, अशा दोन्ही प्राण्यांना आपण कासवच म्हणतो. त्यामुळे दुकानदार पाणकासवासाठी असलेली टाकी, खडे आणि तरंगणारे गोळीखाद्य जमिनीवरच्या कासवाबरोबर बिनदिक्कत देतो, आणि घेणाऱ्यालाही त्यात काही चूक वाटत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाठ वाळल्या गवताच्या रंगाची आहे, प्रत्येक खवल्याला तपकिरी कड आहे आणि पुढच्या पायांवर जाड टोकदार खवले आहेत. हे आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातले सुलकाटा जातीचे, पूर्णपणे जमिनीवर राहणारे कासव आहे. त्याला पोहता येत नाही. गोळीखाद्य आजपासून बंद करावे.

कायद्याचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. काळसर पाठीवर पिवळे किरण असलेले पिल्लू असते, तर मी पेटीबद्दल एक ओळही लिहिली नसती, कारण ते आपले तारा कासव असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये ते घरात बाळगणे हा गुन्हा आहे आणि २०१९ पासून ते आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही सर्वांत कडक यादीत आहे. असे कासव कोणाकडे असेल, तर त्याने वनविभागाशी संपर्क साधावा. आपल्या मनाने टेकडीवर नेऊन सोडू नये. सुलकाटा हा विदेशी प्राणी आहे, पण तोही साइट्सच्या यादीत आहे, आणि अधिनियमातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्यामुळे मुलाच्या काकांकडून खरेदीची पावती मागून घ्यावी आणि नोंदणीचे काम पुढे ढकलू नये.

आता आज रात्रीचे बोलू. नवी पेटी तयार व्हायला आठवडा लागेल आणि डोळे मिटून बसलेल्या पिल्लाला तेवढा वेळ थंडीत ठेवता येणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात पुण्यात घरातले तापमानही पहाटे वीस अंशांच्या आसपास उतरते. सुलकाटाला पानगळीच्या देशातल्या काही कासवांसारखी थंडीत झोपून राहण्याची सोय निसर्गाने दिलेली नाही. त्याचे शरीर थंड पडले की आतडी मंदावतात, खाल्लेले पचत नाही, मग भूकही लागत नाही. म्हणजे तुमचे पिल्लू नखरे करत नसून बहुधा गारठले आहे आणि कोरडेही पडले आहे. टाकीतले खडे काढून टाका, कारण भुकेले पिल्लू ते गिळते. एका पसरट टबात कोमट पाणी घ्या, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी जसे कोपराने पाहतात तसे पाहा, आणि पाठीचे व पोटाचे कवच जिथे जुळते तेवढ्याच उंचीपर्यंत पाणी ठेवून पिल्लाला वीस मिनिटे त्यात बसवा. बहुतेक पिल्ले मान खाली घालून बराच वेळ पाणी पितात आणि त्याच पाण्यात शीही करतात. हे वर्षभर रोज करायचे आहे. ही अंघोळ स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नये, टब वेगळा ठेवावा आणि प्रत्येक वेळी हाताळल्यावर मुलाने साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

पेटीसाठी मी लोकांना काचेची टाकी घेऊ नका असे सांगतो. काच आरपार दिसते आणि कासवाला ती भिंत आहे हे कळत नाही. ते दिवसभर काचेला नाक लावून पुढे जाण्याचा प्रयत्न करते, आणि दमून बसले की घरच्यांना ते शांत वाटते. शिवाय टाकी वरून उघडी असल्याने दिव्याची ऊब आणि जमिनीतला ओलावा दोन्ही वर निघून जातात. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी झाकणबंद लाकडी पेटी सुताराकडून करून घ्यावी. पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या आठ बाय चारच्या एका तक्त्यात ती बसते : तळ आणि छत मिळून अर्धा तक्ता, मागची बाजू आणि दोन्ही कडा उरलेल्यातून, आणि शेवटी राहिलेल्या एक फुटाच्या पट्टीतून समोरची खालची सहा इंचांची पट्टी व वरची पट्टी. या दोन पट्ट्यांच्या मध्ये सरकत्या काचा बसवाव्यात. खालच्या सहा इंचांत लाकूड असल्याने पिल्लाला बाहेरचे दिसत नाही आणि ते काचेशी झगडत नाही. एका कडेला खाली आणि दुसऱ्या कडेला वर, रुपयाएवढी दोन-तीन भोके हवा खेळती राहण्यासाठी पुरतात. आतले सांधे सिलिकॉनने बंद करावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत, निदान पाच-सहा दिवस, पेटी उघडी ठेवावी. याला किती खर्च येईल ते प्लायच्या दर्जावर आणि सुतारावर अवलंबून आहे, पण चांगल्या मोठ्या काचेच्या टाकीच्या मानाने तो बहुधा फार वेगळा नसतो.

पेटीतली जमीन हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमके तिकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सुलकाटा रखरखीत प्रदेशातला, म्हणून त्याला कोरडे ठेवावे, हा समज फार पसरलेला आहे. मोठ्या सुलकाटालाही तिथला उन्हाळा उघड्यावर सोसत नाही. ते खोल बीळ खणून आतल्या ओलसर मातीत दिवस काढते. पिल्ले तर अधिकच लपून, दमट जागेत राहतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी याच जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कवचावर मनोऱ्यांसारखे उंचवटे येण्यामागे खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या कोरडेपणाचा वाटा कितीतरी मोठा असल्याचे त्यात दिसले. त्याआधी आम्हीही प्रथिनांनाच दोष देत असू. तुमच्या पिल्लाच्या पाठीवर भिंग धरून पाहिलेत, तर दोन खवल्यांच्या मधल्या फटीत कांद्याच्या पापुद्र्यासारखी फिकट रेघ दिसेल. ती नव्या वाढीची जागा आहे. ती मऊ आणि ओलसर राहिली तर खवला बाहेरच्या दिशेने सपाट पसरतो. ती दिव्याखाली वाळत राहिली तर प्रत्येक खवला वर उचलला जातो. एकदा आलेला उंचवटा पुन्हा बसत नाही. पुढची वाढ मात्र सपाट करता येते, म्हणून पहिल्या दोन वर्षांना इतके महत्त्व आहे.

जमिनीसाठी रोपवाटिकेत मिळणारी कोकोपीटची वीट घ्यावी. ती भिजवून फुगवावी आणि दोन-तीन वेळा पाणी बदलून धुवावी, कारण नारळाच्या काथ्यात बऱ्याचदा मीठ राहिलेले असते. त्यात खत किंवा कीटकनाशक न घातलेली साधी बागेतली माती एक-तृतीयांश मिसळावी आणि चार इंचांचा थर द्यावा. मूठभर मिश्रण दाबले की लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाण्याचा थेंब गळता कामा नये, इतका ओलावा पुरे. वरून फवारणी करण्यापेक्षा दर दोन-चार दिवसांनी चारही कोपऱ्यांत तांब्याभर कोमट पाणी ओतावे; ते तळाशी पसरते आणि हळूहळू वर वाफारते. असे केल्याने वरचा अर्धा इंच जवळजवळ सुका राहतो. हे आवश्यक आहे, कारण पोटाचे कवच सतत चिखलात राहिले तर तिथे बुरशी आणि कुज धरते. नुसती वाळू, रद्दी पेपर, संगमरवरी खडे किंवा सुताराकडचा भुसा यांपैकी काहीही घालू नये.

एक पथ्य मात्र अगदी काटेकोर पाळायचे आहे. ओलावा आणि थंडी एकत्र आली तर पिल्लाला न्यूमोनिया होतो. हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवायची असेल, तर पेटीतला सर्वांत गार कोपरासुद्धा रात्री सव्वीस अंशांच्या खाली जाता कामा नये. उबेची सोय होत नसेल तोवर ओलावाही वाढवू नये. लोक यातला अर्धाच सल्ला उचलतात, आणि मग नाकातून बुडबुडे येणारे, मान उंच करून तोंडाने श्वास घेणारे पिल्लू माझ्या टेबलावर येते.

उबेसाठी दोन वेगळी साधने लागतात. पहिले म्हणजे उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, साठ ते शंभर वॉटचा, चिनीमातीच्या होल्डरमध्ये, भोवती जाळी लावून छताला टांगलेला आणि थर्मोस्टॅटला जोडलेला. थर्मोस्टॅटची तार गार बाजूला, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवून सत्तावीस अंश लावावे. हे चोवीस तास चालू राहते आणि गरज असेल तेवढेच तापते. दुसरे म्हणजे दिवसा बारा तास लागणारा, रुंद झोत टाकणारा साधा फ्लड दिवा, पेटीच्या एका टोकाला, ज्याच्या खाली जमिनीचे तापमान पस्तीस ते अडतीस अंश होईल. अरुंद झोताचा स्पॉट दिवा टाळावा, कारण तो पाठीच्या मधल्या भागालाच भाजतो आणि तिथली ती फिकट रेघ सुकवतो. एका टोकाला अडतीस आणि दुसऱ्या टोकाला सत्तावीस असे असले की पिल्लू स्वतः ये-जा करून आपले शरीर हवे तेवढे तापवते. खालून तापणारे दगड किंवा पट्ट्या वापरू नयेत, कारण पोटाला लागणारी उष्णता कासवाला नीट उमगत नाही आणि ते भाजले तरी हलत नाही. लाल दिव्याचीही गरज नाही. रात्र अंधारीच हवी. तापमान अंदाजाने ठरवू नये. आर्द्रतामापक व तापमापक जमिनीलगत ठेवावा. छताजवळ चिकटवलेल्या यंत्राचा आकडा पिल्लाच्या काही उपयोगाचा नसतो.

यापेक्षा वेगळी गोष्ट अतिनील किरणांची. कवच आणि हाडे घट्ट होण्यासाठी कॅल्शियम लागते, ते शोषून घेण्यासाठी डी-३ जीवनसत्त्व लागते, आणि कासव ते आपल्या कातडीत यूव्हीबी किरणांच्या मदतीने तयार करते. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. टाकी खिडकीत ठेवली की ऊन मिळाले असे मानणाऱ्या एका कुटुंबाचे दीड वर्षाचे कासव माझ्याकडे आले होते. त्याच्या पोटाचे कवच अंगठ्याने हलके दाबले की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे आत जात होते आणि मागचे पाय शरीराचे वजन उचलत नव्हते. ते जगले, पण त्याची चाल पुढेही वाकडीच राहिली. अगदी लहान पिल्लाचे कवच थोडे लवचिक असतेच, त्यामुळे तुमचे किंचित दबत असेल तर लगेच घाबरू नका. तपासणीत मी ते पाहीन.

यावर उपाय म्हणून पेटीच्या छताला, फ्लड दिव्याच्या बाजूने, पाच-सहा टक्के यूव्हीबीची टी-५ प्रकारची नळी, म्हणजे बारीक ट्यूबलाइट, लावावी. दीड फुटांच्या पेटीत जमिनीचा थर धरता नळी आणि पाठ यांत साधारण एक फूट अंतर राहते, आणि तेवढे योग्य आहे. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक येऊ देऊ नये. नळी डोळ्यांना उजळ दिसत राहिली तरी तिच्यातले यूव्हीबी उतरत जाते, म्हणून वर्षाने ती बदलावी आणि बसवल्याची तारीख तिच्या टोकावर मार्करने लिहून ठेवावी. आपल्याकडे प्रत्यक्ष ऊन भरपूर आहे, आणि सकाळचे वीस-पंचवीस मिनिटांचे उघड्यावरचे ऊन कोणत्याही नळीपेक्षा चांगलेच. पण ते देताना अर्ध्या टबावर सावली हवी आणि माणूस शेजारी बसलेला हवा. कावळे आणि मांजरे सहा सेंटिमीटरचे पिल्लू क्षणात उचलतात. काचेच्या टाकीत घालून उन्हात तर कधीही ठेवू नये. अशी टाकी गॅलरीत ठेवून फोन घ्यायला आत गेलेल्या एका घरातले पिल्लू पंधरा-वीस मिनिटांत उष्णतेने दगावलेले मी पाहिले आहे, आणि त्या घरातली मुले कित्येक दिवस त्यातून सावरली नव्हती.

आतली मांडणी साधी ठेवावी. कुंभाराकडची लहान मातीची कुंडी आडवी अर्धी पुरली की बीळ तयार होते. एक गार बाजूला आणि एक मध्यावर, अशा दोन ठेवाव्यात. मधल्या कुंडीत ओले स्फॅग्नम शेवाळ घालावे, रात्री पिल्लू बहुधा तिथेच जाते. पाण्यासाठी कुंडीखालची मातीची बशी जमिनीच्या पातळीला पुरावी, म्हणजे चढताना पिल्लू उलथणार नाही, आणि पाण्याची खोली त्याच्या हनुवटीपेक्षा जास्त ठेवू नये. उलटे पडलेले पिल्लू दिव्याखाली फार वेळ टिकत नाही, त्यामुळे चढण्यासाठी दगडांची सजावट नको. दुसरे पिल्लू सोबतीला आणण्याचा विचार मुलाच्या मनात येईल, पण कासवाला सोबतीची गरज नसते आणि दोघांत दुबळे असलेले कायम दबून, उपाशी राहते.

पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. बंद पेटी तासभर ऊब धरते, पण थंडीत तीन-चार तास वीज जाणार असेल तर सिरॅमिक हीटर इन्व्हर्टरवर घ्यावा. तोही नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका कडेला ठेवावी. इथे मी जे आकडे दिले ते गाठायला किती खटपट लागेल हे गावावर ठरते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्याचे चार महिने ओलावा आपोआप मिळतो आणि उलट हवा खेळती ठेवण्याकडे लक्ष द्यावे लागते. मात्र रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत तिथलीही हवा कोरडी होते. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात हीटर बंदच राहील, पण ओलावा टिकवणे आणि पेटी चाळीस अंशांच्या वर जाऊ न देणे हीच मोठी कसरत असते, आणि तिथे कूलरच्या खोलीत पेटी ठेवणे सोयीचे पडते.

खाण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी पेटी कितीही चांगली केली आणि खाणे चुकले तर उपयोग नाही, म्हणून थोडे सांगतो. हरळी आणि इतर कोवळे गवत बारीक कापून, तुतीची पाने, जास्वंदीची पाने-फुले, काटे काढलेला फड्या निवडुंग, अधूनमधून शेवग्याचा पाला, एवढ्यावर पिल्लू उत्तम वाढते. पालक रोज नको, आणि पोळी, भात, दूध, फळे अजिबात नकोत. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेन, म्हणजे कटलफिशचे पांढरे हाड, मिळते. त्याचा एक तुकडा पेटीत टाकून ठेवावा, पिल्लाला कॅल्शियम हवे असेल तेव्हा ते स्वतः कुरतडते.

एक गोष्ट आताच स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. ही पेटी दीड-दोन वर्षांची आहे. सुलकाटा हे मुख्य भूमीवरचे सर्वांत मोठे जमिनीवरचे कासव आहे. पूर्ण वाढलेले चाळीस-पन्नास किलोंचे होते, नर त्याहून जड होतात, आणि आयुष्य आपल्या मुलाच्या प्रौढपणाच्याही पुढे जाते. फ्लॅटमध्ये ते मावणार नाही. गावाकडे कुंपण घातलेली जागा आहे का, किंवा नोंदणीसह ते रीतसर कोणाकडे सोपवता येईल, याचा विचार ते हातात मावत असतानाच सुरू करावा. तुम्हाला नाउमेद करण्याचा हेतू यात नाही. तुमच्या प्रश्नातच पिल्लाची काळजी दिसते.

हे सगळे करूनही चार दिवसांत पिल्लाने डोळे उघडले नाहीत, पापण्या सुजलेल्या दिसल्या, नाकाशी ओल किंवा बुडबुडे दिसले, तर थांबू नका, जवळच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. नेताना पिल्लू कोमट बाटलीशेजारी डब्यात ठेवा. तोवर मुलाला एक काम द्या. स्वयंपाकघरातल्यासारखा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पिल्लासाठी वेगळा घ्या आणि दर रविवारी सकाळी, अंघोळीच्या आधी, त्याने पिल्लाचे वजन, पेटीच्या दोन्ही टोकांचे तापमान आणि आर्द्रता वहीत लिहावी. आजचे वजन आजच लिहा, आणि तपासणीला याल तेव्हा ती वही बरोबर आणा.